टाकी वाळेपर्यंत

"अहो, दिवाळी आलीय का गुऱ्हाळ घातलंय तुम्ही?"

आई परसदारात उभी होती. एका हातात भाजणीसाठी धुतलेल्या डाळींचं सूप आणि दुसऱ्या हातानं नाकाला लावलेला पदर. समोर अण्णा उकिडवे बसले होते. त्यांच्यापुढं गोणपाटावर येझदी मोटारसायकलची पेट्रोलची टाकी ठेवलेली होती, आणि तिच्या तोंडात नरसाळं खोचून अण्णा तिला पाण्यात कालवलेली मळी पाजत होते. साखर कारखान्यातली, काळी, आंबूस वासाची मळी. माश्यांना आमच्या परसाचा पत्ता लागला होता.

"मळी गंज खाते," अण्णा मान वर न करता म्हणाले. "ॲसिड घातलं तर गंजाबरोबर पत्रा पण जाईल. हिला वेळ लागतो, पण काम चोख."

"आणि माझ्या डाळी कुठं वाळवू? माश्यांच्या पंगतीत?"

"गच्चीवर वाळव. विजू, सूप घे आईच्या हातातलं आणि टॉर्च आण इकडं."

मी टॉर्च आणली. मळी ओतण्याआधीच मी एकदा आत डोकावले होते. पत्रा दिसतच नव्हता. सगळीकडे तांबड्या खपल्या, आणि बुडाशी कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ. आदल्या दिवशी अण्णांनी आत मूठभर नटबोल्ट टाकून टाकी खुळखुळ्यासारखी हलवायला लावली होती मला. माझे दंड अजून ठणकत होते.

गडहिंग्लजच्या आमच्या घरातली ही गोष्ट. मी बीएड होऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते, म्हणजे अण्णांच्या हाताखाली फुकटची मदतनीस होते. आता अण्णाही नाहीत आणि ते घरही आम्ही सोडलं. पण कुठं मळीचा वास आला की मला अजून ते परसदार दिसतं.

गाडी आमची नव्हती. अण्णांच्या धाकट्या बहिणीचे, कलाआत्याचे यजमान, त्यांची ती. सगळं घर त्यांना दाजीच म्हणायचं. अण्णा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक. त्यांची बदली लांबच्या तालुक्याला झाली, तेव्हा दाजींनी आपणहोऊन येझदी आमच्या दारात आणून लावली. "रोजची एसटी झेपायची नाही तुम्हाला. वापरा. मला शेतात जायला पाय आहेत," म्हणाले. पुढच्याच वर्षी दाजी तडकाफडकी गेले. तेराव्याला चार माणसांत आत्यानं विचारलं, "दादा, त्यांची गाडी कुठाय रे?"

एवढंच विचारलं तिनं. पण अण्णांना ते झोंबलं. "गाडी काय खाणार आहे का मी तुझी? आणून देतो ना!" म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठून आले.

आणून देतो म्हणाले खरे, पण गाडी तेव्हा दुरुस्तीला आली होती. बिघडलेली वस्तू परत कशी द्यायची, म्हणून नीट करायला छपराखाली लावली. नीट करायला सवड होईना, आणि नीट केल्याशिवाय अण्णा काही द्यायचे नाहीत. आयटीआयची पोरं त्यांना पाठीमागं 'पुन्हा मास्तर' म्हणायची. कानशीनं घासलेला तुकडा केसभर जरी तिरका असला, तरी हातात घेऊन एकच शब्द: पुन्हा. गाडी गोणपाटाखाली गंजत राहिली आणि अण्णांनी भाऊबीजेला आत्याकडं जाणंच सोडलं. साडी द्यायला आई जायची. आत्या विचारायची, "दादा?" आई कधी सर्दी सांगायची, कधी परीक्षा.

मग त्या वर्षी कोजागिरीच्या संध्याकाळी आत्याच्या मुलाचा, रणजितचा फोन आला. मी उचलला आणि अण्णांच्या कानाला दिला. फोनवर रणजित इतका मोठ्यानं बोलायचा, की शेजारच्या माणसालाही सगळं ऐकू जायचं.

"मामा, आईला मधे झटका येऊन गेला. हातपाय ठीक आहेत, पण माणसं विसरायला लागलीय. परवा सुनेलाच म्हणाली, तू कुणाची गं? डॉक्टर म्हणाले, आणखी एक झटका आला की संपलं, कुणालाच ओळखायची नाही. तुमचं नाव मात्र रोज काढते. यंदा दादा भाऊबीजेला येणार म्हणते. तेवढं या मामा."

अण्णांनी छपराकडं पाहिलं. मग म्हणाले, "येतो. गाडी घेऊन येतो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी गोणपाट निघालं.

इंजिन फारसं रुसलं नाही. अण्णांचा जुना विद्यार्थी बसवराज, त्याचं एसटी स्टँडमागे गॅरेज होतं. तो आला, प्लग, कार्बोरेटर साफ केलं, पेट्रोलची बाटली वर बांधून तिची नळी खाली जोडली आणि चारदोन किकांत गाडी सुरू केली. सगळी आळी धुरानं भरली. मोडकी वस्तू बोलायला लागल्यावर अण्णांच्या तोंडावर जे यायचं, ते आलं. अडलं फक्त टाकीपाशी. गंजानं बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. ती झाळून घ्यायची, गंज काढायचा आणि आतून अस्तर चढवायचं, असं ठरलं.

"सर, दुसरी टाकी बघू का कोल्हापुरात? जुन्या बाजारात मिळंल," बसवराज म्हणाला.

"हीच पाहिजे. दाजींची आहे ती."

बसवराजनं टाकी उचलली आणि झाळायला घेऊन गेला.

वसुबारसेला मळी उपसली. घरात चकल्या तळल्या जात होत्या आणि परसात अण्णा नळीनं टाकी धूत होते. सोड्याचं पाणी झालं, साधं पाणी झालं, शेवटी स्पिरिट. आत टॉर्च मारून त्यांनी मला हाक मारली. मी पाहिलं. करड्या रंगाचा स्वच्छ पत्रा, एकाही कोपऱ्यात तांबडं नाही. खोटं कशाला सांगू, एवढं सुंदर काम मी तोवर पाहिलं नव्हतं.

अस्तराचं सामान कोल्हापूरहून मागवलं होतं. दोन डबे. एकात मधासारखी दाट राळ, दुसऱ्यात पाण्यासारखं पातळ द्रावण. दोन्ही एकत्र केली की घट्ट व्हायला लागतात, म्हणून घाई. पण आत बुडबुडा धरू नये म्हणून टाकी फिरवायची ती अगदी सावकाश. धनत्रयोदशीच्या दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मधे टाकी, तिची भोकं बुचांनी बंद केलेली. दोघांच्या चार हातांवर ती हळूहळू फिरत होती.

"डावी बाजू खाली... थांब... आता तोंड वर. हां."

"अण्णा, किती वेळ?"

"ओघळ थांबेपर्यंत."

त्या फिरवण्यात अण्णा एकदम बोलायला लागले. एरवी ते कामात बोलत नसत. "कला लहानपणी माझ्या सायकलच्या पुढच्या नळीवर बसायची. एकदा चढावर दोघं आपटलो. तिचा गुडघा फुटला, पार हाड दिसायला लागलं. तर रडली नाही. मलाच विचारते, दादा, तुला लागलं का?"

टाकी उलटी झाली, परत सुलटी झाली.

"ओळखेल ना गं मला?" अण्णा म्हणाले.

"ओळखेल की. रणजितदादा म्हणाला ना, रोज नाव काढते."

"नाव काढणं वेगळं."

उरलेली राळ ओतून टाकली आणि टाकी माळ्याखाली ऊब होती तिथं जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली. आई म्हणाली, "बाळंतिणीची एवढी बडदास्त ठेवली नव्हती कुणी माझी." भाऊबीजेपर्यंत अस्तर बरोबर वाळतंय, असा अण्णांचा हिशेब होता. कुणाचा हात लागू नये म्हणून तिथं त्यांनी खडूनं रेघ ओढली. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर देवाच्या आधी ते टाकीकडं बघून आले.

पाडव्याला सकाळी आई ओवाळायचं ताट घेऊन हाका मारत होती आणि अण्णा येत नव्हते. मी बघायला गेले. टाकी मांडीवर घेऊन ते बसले होते. हातात टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला लांब दांड्याचा आरसा.

"बघ," म्हणाले.

पेट्रोल खाली सोडणाऱ्या कॉकच्या भोकाजवळ अस्तराला एक फोड आला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. परतीच्या पावसाची हवा अजून दमट होती, पत्र्यात कुठंतरी ओल राहिली असणार.

"एवढासाच आहे की अण्णा."

"फोड म्हणजे खाली हवा. आज ना उद्या फुटणार. पेट्रोल आत शिरलं की सगळं अस्तर पापुद्र्यासारखं सुटणार."

बसवराजला बोलावलं. त्यानं आरसा न घेता नुसतं बोट फिरवलं. "सर, ह्याला वर्षभर काय होत न्हाई. जावा बिनधास्त. परत आला की बघू. आणि एवढीच भीती वाटतीय तर टाकीत पेट्रोल घालूच नका. कॅन बांधतो हँडलला, सलाईन लावल्यासारखी नळी जोडतो. आजऱ्याच्या पलीकडं म्हणजे काय लांब हाय का?"

"बहिणीच्या दारात सलाईन लावलेली गाडी नेऊ?"

"मग एसटीनं जावा. गाडी मागनं मी सोडतो आणून."

आईनं ताट खाली ठेवलं. "हे बरोबर बोलला पोरगा. उद्या सकाळच्या गाडीनं मी आणि तुम्ही जाऊ. टाकी राहू दे इथंच लोळत."

अण्णा उठले. मला वाटलं, आता आत येतील, पाटावर बसतील. ते छपरात गेले आणि रंग काढायच्या द्रावणाचा डबा घेऊन आले. बूच उघडलं आणि तो सगळा डबा टाकीत ओतला. इतक्या दिवसांचं अस्तर आत चुरचुरायला लागलं. बसवराज तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"पुन्हा करायचं," अण्णा म्हणाले.

"अहो, भाऊबीज उद्या हाय!" आई ओरडली.

"तिची गाडी तिला नीट देणार. दहा वर्षं ठेवून घेतली आणि आता फोड आलेली देऊ? काय तोंडानं देऊ?"

"तोंडानंच द्यायची हाय का? भावाचं तोंड बघायचंय तिला! गाडी कोण मागतंय? टाकीला नुसतं भोक पडायची वाट बघत होता तुम्ही. तिच्यापुढं उभं राहायला धीर होत न्हाई, म्हणून हे सगळं सोंग!"

अण्णांनी टाकीचं बूच लावलं. आईनं ताटातलं निरांजन विझवलं आणि ती आत गेली. आमच्या घरात त्या पाडव्याला ओवाळणं झालंच नाही.

भाऊबीजेला मी सकाळपासून अण्णांच्या मागे लागले होते. जीप करू म्हटलं, रिक्षा करू म्हटलं, नुसतं फोनवर तरी बोला म्हटलं. ते टाकी खरवडत होते. द्रावणानं त्यांच्या बोटांची सालं निघाली होती, नखांखाली तपकिरी चिकटा बसला होता. दुपारी फोन वाजला.

"विजू, मामा निघाले का?" रणजितच होता. "आई सकाळी उठून न्हाली. इरकल नेसलीय. ताट करून उंबऱ्यात बसलीय, आत यायला तयार नाही. आणि आज अगदी शुद्धीवर आहे बघ. सुनेला नावानं हाक मारली. मामांना म्हणावं, आज या. आजचा दिवस चांगला आहे."

मी फोन हातात धरूनच ओरडले, "अण्णा! आत्या उंबऱ्यात बसलीय! आज ओळखतीय सगळ्यांना!"

अण्णा परसातून दारापर्यंत आले. हात पुढं धरलेले, माखलेले. फोनकडं त्यांनी पाहिलं. एक पाऊल आत टाकलं. मला वाटलं, घेतात. मग म्हणाले, "टाकी वाळली की येतो म्हणावं. आठ दिवसांत येतो. गाडीवरनं येतो."

तेच मी सांगितलं. पलीकडं पाठीमागं कुठंतरी आत्याचा आवाज ऐकू आला, "दादा हाय का? काय म्हणतोय?" मग रणजितनं फोन ठेवला. त्या फोनची हळहळ मला अजून वाटते. रणजितनं तो तिच्या कानाला लावला असता, किंवा अण्णांनी हात धुण्याची वाट न बघता घेतला असता, तर पुढचं सगळं तसंच घडूनही जरा वेगळं झालं असतं.

दुसरं अस्तर चांगलं बसलं. आरशात, टॉर्चच्या उजेडात, बोट फिरवून, कुठूनही खोड काढता येईना. अण्णांनी ते पुरतं वाळू दिलं. मग पेट्रोल भरून टाकी रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद कोरडा होता. तोच कागद हातात घेऊन अण्णा आईला दाखवायला आले, तेव्हा आई नुकताच फोन खाली ठेवत होती.

"काल झटका आला वन्संना," ती म्हणाली. "बोलतात, पण ओळख न्हाई कुणाची. रणजितला पण न्हाई."

अण्णा कागद घेऊन तसेच उभे राहिले. "बघू दे तर," म्हणाले. "मला बघितल्यावर कदाचित..."

त्याच दिवशी आम्ही निघालो. मी मागे बसले होते. गाडी अशी चालली, की रस्त्यावरची म्हातारी माणसं वळून बघत होती. अण्णांनी टाकी रंगवून घेतली होती, दाजींच्या वेळचाच लाल-काळा रंग. आजरा मागं पडलं, ऊस संपून काजू लागले. चढावर इंजिन घुमायचं तेव्हा अण्णांची पाठ ताठ व्हायची, एवढंच मला कळत होतं.

आत्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. तुळशीचं लग्न होतं, दारोदारी वृंदावनापाशी उसाची खोपटी उभारलेली. येझदीचा आवाज त्या अरुंद गल्लीत भिंतींवर आपटून मोठा होत गेला. घरासमोर अण्णांनी गाडी बंद केली, स्टँडला लावली आणि कानाला गुंडाळलेला मफलर तसाच ठेवून पायऱ्या चढले. दारात रणजित होता. तो बाजूला झाला.

आत्या सोप्यात खाटेवर बसली होती. निम्मी झाली होती. केस सुनेनं विंचरून दिलेले. आवाजानं ती जागी होऊन दाराकडं तोंड करून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मी मनात म्हटलं, ओळखलं! आई चुकली, रणजित चुकला, आमच्या अण्णांना तिनं ओळखलं.

"आलात व्हय?" आत्या म्हणाली.

आणि तिनं पदर सावरून डोक्यावर घेतला. भावापुढं कुणी डोक्यावर पदर घेत नाही. माझ्या आधी ते अण्णांना कळलं. ते दारातच थांबले.

"आवाज आल्याबरोबर म्हटलं सूनबाईला, आले आमचे. चहा टाक," आत्या म्हणाली. सून खरोखरच आत जाऊन उभी होती, पदर तोंडात धरून. "बसा की. उभे का?"

अण्णा खाटेच्या कडेला बसले. त्यांचे सालं गेलेले हात त्यांनी मांडीवर ठेवले. "कला," ते म्हणाले, "बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय!" ती हसली. मग वाकून तिनं दाराबाहेर पाहिलं. उंबऱ्यापलीकडं गाडी उभी होती, टाकीवर दिव्याचा उजेड पडला होता. आत्याचं हसू हळूहळू गेलं.

"ही आपली गाडी?"

"हो. आणली."

"दादाकडनं आणलीत?"

अण्णांना हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. त्यांनी मान हलवली. काय म्हणून हलवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कशाला काढून घेतलीत हो त्याच्याकडनं?" आत्या म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. ती अण्णांच्या दंडाला धरून त्यांना हलवत होती. "मी काय मागितली होती का? मनाला लावून घेतो तो. आधीच येत न्हाई. आता कशावरनं यायचा माझा दादा भाऊबीजेला?"